ऐकणाऱ्याचं काम

आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातलं क्रीडा मंडळ घरासारखं चालतं आणि त्याचा सगळा मोठेपणाही त्यातच असतो. मैदानाची किल्ली कुणाकडे, दिव्यांचं बिल कुणी भरलं, स्पर्धेला निघालेल्या पोरांचे डबे कुणाच्या घरून आले, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. प्रशिक्षक बहुतेक मंडळातच खेळून मोठे झालेले असतात. मानधन नावापुरतं. पालकांसाठी ते ‘सर’ आणि मुलांसाठी ‘दादा’. अशा ठिकाणी एखाद्या मुलाविषयी मनात शंका आली तर ती कुणाकडे बोलायची, हा प्रश्नच कुणाला पडत नाही, कारण सगळेच आपले. खरी अडचण तिथेच आहे. आपल्या माणसाबद्दल आपल्याच माणसाकडे बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पुन्हा दोघांच्याही समोर उभं राहायचं, हे मोठ्यांना जमत नाही. मुलांचं तर सोडाच.

मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळले, पुढे मंडळाची सहकार्यवाह झाले. केस पांढरे झाले तरी मुलं ताईच म्हणतात. मुलांच्या सुरक्षिततेचं बघायला ‘कुणीतरी बाई हवी’ म्हणून कार्यकारिणीने ते काम माझ्याकडे दिलं. त्यामागे यापेक्षा जास्त विचार नव्हता. ठराव चहाच्या आधी मांडला गेला आणि चहा यायच्या आत मंजूर झाला.

प्रशिक्षकाच्या हातात काय काय असतं, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. संघात कोण, राखीव कोण, जिल्ह्याला कुणाचं नाव जाणार, हे तो ठरवतो. राज्य स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि खेड्यातल्या कबड्डीपटूच्या घरी त्या पाच टक्क्यांची चर्चा पोराच्या पहिल्या चढाईपासून सुरू होते. म्हणजे प्रशिक्षकाविरुद्ध तोंड उघडणारं मूल एका माणसाशी वाकडं घेत नाही, घराने त्याच्यावर लावलेल्या सगळ्या आशेशी घेतं. हे त्याला नीट कळतं. म्हणून ते गप्प बसतं, किंवा खेळच सोडतं. ‘अभ्यास वाढला’ हे कारण आपण फार लवकर मान्य करतो.

या विषयावर बोलताना मला नेहमी पंचकुल्याची रुचिका गिरहोत्रा आठवते. चौदा वर्षांची टेनिस शिकणारी मुलगी. 12 ऑगस्ट 1990 रोजी हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष एस. पी. एस. राठोड याने कार्यालयात तिचा विनयभंग केला. हा अध्यक्ष पोलीस महानिरीक्षकही होता. रुचिका गप्प बसली नाही. मैत्रीण आराधना साक्षीदार होती, आराधनाचे आई-वडील पाठीशी उभे राहिले, तक्रार वरपर्यंत गेली. त्या वेळच्या पोलीस महासंचालकांनी चौकशी करून महिन्याभरात गुन्हा नोंदवण्याची शिफारसही केली. म्हणजे ज्या ज्या गोष्टी ‘करायला हव्या होत्या’ असं आपण म्हणतो, त्यातल्या बऱ्याचशा झाल्या होत्या. तरी गुन्हा नोंदला गेला नाही. तिला शाळेतून काढलं, कारण दिलं ते फी थकल्याचं. भावावर चोरीचे गुन्हे दाखल झाले, त्याला अटक झाली. डिसेंबर 1993 मध्ये रुचिकाने विष घेतलं आणि ती गेली. राठोड पुढे हरियाणाचा पोलीस महासंचालक झाला. गुन्हा नोंदवला गेला 1999 मध्ये. 2009 मध्ये शिक्षा झाली ती सहा महिने कैद आणि हजार रुपये दंड. पुढच्या वर्षी अपिलात ती दीड वर्षाची झाली. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि भोगलेली कैद पुरेशी मानली.

‘मुलांनी बोलतं व्हायला हवं’ असं कुणी भाषणात म्हणालं की मला ही मुलगी दिसते. ती बोलती झालीच होती. तिने ज्यांच्याविषयी सांगितलं आणि ज्यांच्याकडे न्याय मागायचा, ती माणसं एकाच खात्यातली होती. बोलण्याचं धैर्य मुलाकडून मागण्याआधी ते बोलणं कुठल्या वाटेने जाणार, त्या वाटेवर आरोप असलेला माणूस कुठे कुठे उभा आहे, आणि बोलल्यावर त्या घराला कोण सांभाळणार, हे मोठ्यांनी आधी बघून ठेवायचं असतं.

तेव्हाच्या आणि आताच्या कायद्यात मोठा फरक आहे. 14 नोव्हेंबर 2012 पासून मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा लागू झाला. अठरा वर्षांखालचं कुणीही, मुलगी असो वा मुलगा, त्यात येतं. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवरच्या माणसाने केलेला गुन्हा हा कायदा अधिक गंभीर धरतो. कलम 19 सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला माहीत आहे, किंवा घडेल अशी धास्ती आहे, त्याने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. कार्यकारिणीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा इतका वेळ मोबाइल बघत असलेले खजिनदार एकदम मान वर करून म्हणाले, “म्हणजे आम्ही पण?” आम्ही पण. हा कायदा कागदावर राहिला असंही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभा केला.

लोक मात्र भितात ते वेगळ्याच कलमाला. ‘खोटी तक्रार निघाली तर आपणच अडकू.’ तेही वाचून दाखवावं लागतं. शिक्षा आहे ती कुणाची बदनामी करण्यासाठी, त्रास देण्यासाठी मुद्दाम खोटं सांगणाऱ्याला, आणि मुलाला तीही नाही. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही निष्पन्न झालं नाही, तर कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हे त्याच कलम 19 मध्ये लिहिलेलं आहे. हे एक वाक्य आम्ही मोठ्या अक्षरांत छापून कार्यालयात लावलं आहे, मुलांसाठीच्या मदतवाहिनीच्या 1098 या क्रमांकाच्या खाली.

आता आमच्याकडची एक गोष्ट. गाव, वर्ष, खेळ, मुलगा की मुलगी, यातलं काही सांगणार नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-तीन खुणा बदलल्या आहेत. एवढी काळजी कायद्यालाही हवी आहे आणि मलाही.

मैदान झाडणाऱ्या आणि कुलूप लावणाऱ्या मावशी एकदा माझ्याकडे आल्या. एक मूल सराव संपला तरी घरी जायला तयार नसतं, म्हणाल्या. कधी बूट शोधतं, कधी पाणी भरतं, कधी “मावशी, एवढ्यात कुलूप नका ना लावू” म्हणतं. मावशींनी सहज विचारलं, तर मूल एकच वाक्य बोललं. ते वाक्य इथे देत नाही. त्यात कुणाचं नाव नव्हतं, पण कुणीतरी मोठं माणूस त्या मुलाशी काहीतरी करत होतं, एवढं त्यातून स्वच्छ कळत होतं.

मला काय करायचं ते माहीत होतं, कारण ते लिहून ठेवलेलं होतं. मावशींना मुलाचं वाक्य जसंच्या तसं सांगायला लावलं आणि वहीत तसंच उतरवलं. तारीख, वेळ, कुठे, कोण होतं. मावशींना काय वाटलं ते वेगळ्या ओळीवर. अध्यक्षांना कळवलं. अध्यक्षांनी, मी नको म्हणत असतानाही, आणखी दोघांना बोलावलं. पुढचा अर्धा तास मंडळं अशा वेळी कशी चालतात याचा नमुनाच होता. नवीन प्रशिक्षक उशिरापर्यंत थांबतो, हे एकाला आठवलं. तो बाहेरगावचा आहे, हे दुसऱ्याला. तिसऱ्याचं म्हणणं, दोन-चार मुलांना बोलावून हळूच विचारू. मग पहिला म्हणाला, “गाजावाजा कशाला? पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणायचं. विषय संपला.” सगळे भले लोक होते. कुणाला काही दडपायचं नव्हतं. त्यांना फक्त मंडळाच्या आत उत्तर शोधायचं होतं, आणि उत्तर शोधायचा आपल्याला अधिकार आहे याबद्दल एकाच्याही मनात शंका नव्हती.

मी कुणाला बोलावू दिलं नाही. मुलाला नाही, प्रशिक्षकालाही नाही. 1098 ला फोन केला, त्यांच्या सांगण्याप्रमाणे पोलीस ठाण्यात गेले. माहिती लिहून घेतली, मला वाचून दाखवली, नोंद क्रमांक दिला. साध्या कपड्यांतल्या महिला अधिकारी मुलाला त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी भेटल्या. कायद्यात तसंच सांगितलं आहे: जबाब शक्यतो मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, अधिकारी गणवेशात नाही, सोबत त्याच्या विश्वासाचं माणूस. या मुलाला घरी नको होतं. कारण ते माणूस घरातलंच निघालं. प्रशिक्षकाचा कशाशीही संबंध नव्हता. तो उशिरापर्यंत थांबायचा म्हणून तर त्या मुलाला मैदानावर थांबता येत होतं.

आम्ही गुपचूप त्याला काढलं असतं तर एका निर्दोष पोराच्या कपाळी कायमचा डाग लागला असता आणि मूल रोज तासभर लवकर घरी गेलं असतं. चार मुलांना बोलावून ‘हळूच’ विचारलं असतं तर त्याच रात्री गावभर झालं असतं, आणि पुढे न्यायालयात उलटतपासणीत पहिला प्रश्न आला असता की हे तुला कुणी शिकवलं? म्हणून मला वाटतं, ऐकणाऱ्याला आपण काय करू नये ते आधी पाठ असावं. खोदून विचारायचं नाही. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ असं उत्तर सुचवणारं तर मुळीच नाही. ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याला जाब विचारायला जायचं नाही. ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही. आपल्याला खात्री पटली की नाही, हा प्रश्नच आपला नाही. आपण ऐकायचं, लिहायचं, पोहोचवायचं. नोंदवही कुलपात.

यातली सगळ्यात अवघड वेळ वेगळीच असते. मूल सांगायच्या आधीच म्हणतं, “ताई, पण कुणाला सांगायचं नाही हं.” त्या क्षणी ‘नाही सांगणार’ हे दोन शब्द जिभेच्या टोकावर येतात आणि ते गिळावे लागतात. मी म्हणते, “सगळ्यांना सांगणार नाही. ज्यांना सांगावंच लागेल त्यांना सांगेन, आणि कुणाला सांगितलं ते तुलाही सांगेन.” यावर काही मुलं गप्प होतात. मग मलाही वाटतं, कायद्याने कळवण्याची सक्ती केली ती या गप्प होणाऱ्यांच्या भल्याची आहे का? सतरा वर्षांच्या मुलीला फक्त कुणाशी तरी बोलायचं असतं, पोलीस नको असतात, घरी कळायला नको असतं. तिला मी काय देऊ शकते? हा आक्षेप पोरकट नाही. मुलांबरोबर काम करणारे अनेक जण तो घेतात. सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये गर्भपाताच्या एका निकालात एवढी सवड ठेवली की अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. तरीही मंडळापुरतं माझं मत सक्तीच्या बाजूचं आहे. सक्ती नसती तर त्या अर्ध्या तासात अध्यक्षांच्या खोलीत काय ठरलं असतं, ते मी ऐकलेलं आहे.

पालकही नेहमी मुलाच्या बाजूला उभे राहतात असं नाही. ‘राज्य स्पर्धा तोंडावर आहे, नंतर बघू.’ ‘उद्या पोरीचं लग्न जमवायचंय आम्हाला.’ मुलगा असेल तर आणखी सोपं: ‘त्याला काय होतंय?’ तालमीत, कबड्डीच्या मैदानात वाढणाऱ्या मुलाला तर रडणंही चोरून रडावं लागतं. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक छळ सोसल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. हा आकडा मी पालकसभेत सांगते तेव्हा मागच्या रांगेतल्या बापमंडळींची कुजबुज थांबते.

प्रशिक्षकांचाही एक रास्त प्रश्न असतो. आमच्याकडे मल्लखांब शिकवतात. पहिल्यांदा उलटं होणाऱ्या मुलाला कमरेला धरावंच लागतं, नाहीतर मान मोडेल. “मग हात लावायचाच नाही का?” असं एका ज्येष्ठ सरांनी चिडून विचारलं होतं. आधार द्यायचा तो सांगून द्यायचा, सगळ्यांसमोर द्यायचा आणि मूल ‘नको’ म्हणालं तर उडी उद्यावर ढकलायची, एवढंच आम्ही ठरवलं. महिन्याभरात त्याच सरांनी मोठ्या मुलांना एकमेकांना आधार द्यायला शिकवलं आणि आता स्वतः लांब उभे राहून ओरडतात. बाकी नियमही साधे आहेत. एका मुलाबरोबर एक मोठं माणूस बंद खोलीत नाही. मुलांना रात्री खासगी संदेश नाहीत, असेल ते पालकांच्या ग्रुपवर. स्पर्धेच्या गावी शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं असतं, तिथे मुलींबरोबर महिला व्यवस्थापक, आणि ती मिळाली नाही तर संघ जाणार नाही. या शेवटच्या नियमापायी एक स्पर्धा हुकली. त्याबद्दल अजून ऐकून घेते.

छोट्या गोष्टींची वहीही वेगळी ठेवावी असं माझं मत बनलं आहे. कुणी प्रशिक्षक वजनावरून एकीला रोज ‘म्हैस’ म्हणतो, कुणी कानाखाली वाजवतो, कुणी एकाच मुलाला कायम स्वतःच्या गाडीवरून सोडतो. यातलं पहिलं गुन्हा नसेल, दुसरं बालन्याय कायद्यातल्या क्रूरतेच्या कलमाखाली येऊ शकतं, तिसऱ्यात बहुधा काहीच नसतं. पण एका ओळीखाली दुसरी, तिसरी ओळ लिहिली गेली की चित्र दिसायला लागतं, आणि काही नसेल तर तेही दिसतं. बोलणाऱ्याच्या नावापुढे तारीख आणि सही आली की अफवा पसरवणाऱ्यांची संख्या फार झपाट्याने कमी होते, हा त्याचा एक जादा फायदा.

पोक्सोच्या 2020 च्या नियमांत क्रीडा प्रबोधिन्यांचं नाव घेऊन लिहिलं आहे की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी झाली पाहिजे आणि त्यांना प्रशिक्षण मिळालं पाहिजे. आम्ही अर्ज आणले तर कार्यकारिणी म्हणाली, आम्ही कुठे कर्मचारी, आम्ही तर पदरमोड करतो. पदरमोड करणाऱ्याकडे मैदानाची किल्ली असते, हे माझं उत्तर. सगळ्यांचे अर्ज गेले. मावशींचा पहिला गेला.

राहिला प्रश्न नंतरचा. कळवून झालं, चौकशी लागली, आणि मूल पुन्हा मैदानावर आलं. ते प्रशिक्षकाविषयी बोललेलं असेल तर त्याचं संघातलं स्थान टिकेल का? सूड इथे उघड कुणी घेत नाही. फक्त नाव राखीव यादीत जातं, आणि ‘फॉर्म नाही’ एवढं म्हणायला पुरावा लागत नाही. त्या मुलाला वगळायचं असेल तर लेखी कारण द्या असं निवड समितीला सांगावं, तर कोण बोललं ते समितीला आपणच सांगितल्यासारखं होतं. त्यामुळे आम्ही असं ठरवलं की वगळलेल्या प्रत्येकाचं कारण लिहायचं, मग कुणी काही बोललेलं असो वा नसो. निवड समितीतले जुने सर यावर वैतागले. “एवढं लिहीत बसलो तर निवड कधी करू?” म्हणाले. पण लिहितात. ‘पोल डाइव्हला उशीर.’ ‘खो देताना पाय रेषेवर.’ ‘सरावाला सलग आला नाही.’ यादी फळ्यावर लागते आणि आता पालक येऊन भांडतात की पाय रेषेवर कुठे पडला होता, दाखवा. सरांनी मोबाइलवर सराव चित्रित करायला सुरुवात केली आहे.